तूर आली की देतो

‘तूर आली की देतो.’ हे वाक्य मी माझ्या कृषी केंद्राच्या काउंटरमागे उभा राहून एकवीस वर्षं ऐकतो आहे. चिखली-मेहकर रस्त्यावरच्या एका गावात माझं दुकान आहे. जूनमध्ये बियाणं आणि खत उधारीवर जातं. दसरा-दिवाळीला सोयाबीन निघालं की थोडे पैसे येतात आणि उरलेल्या रकमेला वायदा मिळतो, तूर आली की देतो. तूर येते जानेवारीत. तोवर हरभरा दिसायला लागलेला असतो, आणि हरभऱ्याच्या मागे पोरीचं लग्न उभं असतं. शेतकरी खोटं बोलत नसतो. बोलतो त्या घटकेला त्याला पैसे खरंच द्यायचे असतात. पण इतकी वर्षं वही सांभाळताना एक गोष्ट मी पाहिली होती. वायदा केला की माणसाला मोकळं वाटतं, आणि मोकळं वाटलं की तो जाताना आणखी दोन पोती उचलतो.

दुसऱ्याच्या खात्यावर मला हे स्पष्ट दिसायचं. स्वतःच्या खात्यावर दिसायला माझे आठ जानेवारी गेले.

नाव लिहीत नाही. ज्या लोकांनी मला उभं केलं त्यांच्यात नाव न सांगायची रीत आहे, आणि त्यात माझ्या घरच्यांचीही अब्रू आहे. बाकी काही लपवणार नाही.

दारू कशी लागली त्यात फार सांगण्यासारखं नाही. कंपन्यांच्या डीलर मीटिंगा, टार्गेट पूर्ण झाल्याची जेवणं, रात्री दुकान बंद केल्यावरचा एकांत. आधी महिन्यातून दोनदा, मग आठवड्यातून तीनदा आणि 2013 च्या पावसाळ्यापासून रोज एक क्वार्टर, म्हणजे 180 मिली. शटर अर्धं ओढायचं, खताच्या पोत्यांमागे बसायचं, निघताना बडीशेप चावायची. आमच्याकडे कीटकनाशकाला, तणनाशकाला सगळे ‘औषध’च म्हणतात. दुकानदाराच्या अंगाला येणारा वास औषधाचाच आहे असं गाव समजत असेल, या भरवशावर मी होतो.

त्या वर्षी 5 डिसेंबरला बायको माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. मी म्हणालो, एक जानेवारीपासून बंद. तारीख तोंडातून निघाली आणि त्याच क्षणी छातीवरचं ओझं उतरलं. तिचंही उतरलं असावं, कारण त्या रात्री ती माझ्याशी नीट बोलली. पुढच्या सव्वीस दिवसांत मी जेवढी प्यालो तेवढी त्याआधी कधी प्यालो नव्हतो. एका क्वार्टरच्या दोन झाल्या. आता थोडेच दिवस उरलेत, मग कुठे प्यायची आहे, असं मनात म्हणत होतो. घरात कोणी अडवलं नाही, कारण तारीख दिलेली होती. वायदा केला होता आणि जाताना दोन पोती उचलली होती. ही माझी पहिली चूक, आणि पुढे प्रत्येक डिसेंबरात मी ती पुन्हा केली.

1 जानेवारी 2014 ला पहाटेच्या एसटीनं शेगावला गेलो. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी गजानन महाराजांच्या दर्शनाला लांब रांग असते. रांगेत माझ्यासारखे किती असतील, मनात काहीतरी सोडायचं ठरवून आलेले, असं तेव्हाही वाटलं होतं. दर्शन झाल्यावर बाहेरच्या दुकानातून तुळशीची माळ घेतली आणि तिथेच गळ्यात घातली. माळ ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. माळकरी म्हटला की मटण नाही, दारू नाही, एकादशी आली. माळकऱ्याला कोणी आग्रह करत नाही, त्याच्यासमोर ग्लास भरायलाही लोक लाजतात. या एका माळेनं सावरलेली घरं मी माझ्या गावात पाहिली आहेत, आणि तिच्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. पण माळ एखाद्या जाणत्या वारकऱ्याच्या हातून, चार माणसांदेखत घालून घ्यायची असते. मग त्या चार माणसांत बसायचं असतं, भजनाला जायचं असतं, वारीत चालायचं असतं. मी ती एकट्यानं विकत घेतली आणि एकट्यानं घातली. गळ्यात माळ होती, पण भोवती माळकरी नव्हते.

अकरा दिवस टिकलो. बाराव्या संध्याकाळी माळ काढून दुकानातल्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली, प्यालो, तोंड धुतलं आणि घरी जाताना परत घातली. पुढे चार महिने हे रोज चाललं. माझी माय मला माळकरी समजत होती. एकादशीला आठवणीनं माझ्यासाठी भगर आणि शेंगदाण्याची आमटी करायची. एका संध्याकाळी ती काही निरोप घेऊन दुकानात आली आणि तिला खिळ्यावरची माळ दिसली. पोत्यांमागे मी होतो. ती काहीच बोलली नाही. माळ काढून तिनं पदरात घेतली आणि घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवली. पुढच्या एकादशीला माझ्या ताटात भाकर होती.

यानंतर मी तारखा पुढे ढकलायला शिकलो. आपल्या पंचांगात चांगल्या दिवसांची कमी नाही, आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तर नाहीच नाही. एक जानेवारी हुकली की 12 जानेवारी यायची, सिंदखेड राजाला जिजाऊ जयंती. त्या मातीत उभं राहून सोडली तर सुटेल असं वाटायचं. मग संक्रांत. मग हिवरा आश्रमाचा विवेकानंद जन्मोत्सव. तिथे शेतात हजारो माणसांची पंगत बसते आणि ट्रॅक्टरमधून पुरी-वांग्याची भाजी वाढली जाते. एका वर्षी मीही वाढायला उभा राहिलो होतो. सकाळी घेतलेली नव्हती म्हणून हात कापत होता आणि भाजी पत्रावळीच्या बाहेर सांडत होती. एका म्हाताऱ्या बाईनं खालून माझा हात धरून स्थिर केला. मग शेगावचा प्रकटदिन. मग गुढीपाडवा. मग अक्षय्य तृतीया. त्या दिवशी जळगाव जामोदकडे भेंडवळला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. बियाणं विकणारा माणूस म्हणून ते मी नेमानं ऐकायचो. पाऊस कसा राहील ते ऐकायचो आणि मनात म्हणायचो, पेरणीआधी सोडू. पेरणीच्या धांदलीत कसं सोडणार, म्हणून आषाढी. असं करत करत पुन्हा डिसेंबर.

प्रत्येक दिवस पवित्रच होता. मी त्या पावित्र्याचा उपयोग आजचा दिवस पिण्यासाठी करत होतो.

एका वर्षी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. फेब्रुवारीत त्याला टायफॉईड झाला तेव्हा तो कॉटवरून मला म्हणाला, ‘‘पप्पा, तुम्ही शपथ मोडली म्हून झालं का?’’ याच्यावर मी आजही काही लिहू शकत नाही.

दोनदा बाहेरची दारं बंद झाली तेव्हा वाटलं होतं, आता तरी सुटलो. पहिल्यांदा गावातल्या बायकांनी देशीचं दुकान बंद करण्यासाठी मतदान मागितलं. महाराष्ट्रात तशी सोय आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हं असतात, आणि एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान हटतं. आलेल्यांपैकी निम्मी नव्हे, यादीतल्या सगळ्यांपैकी निम्मी. म्हणून बायका वावरातून, परगावाहून माणसं बोलावून आणतात. माझी बायको डोक्यावर पदर घेऊन त्या रांगेत उभी होती. बाटली आडवी झाली आणि दुकान गेलं. मी मोटरसायकलनं सात किलोमीटरवर जायला लागलो. दुसऱ्यांदा 1 एप्रिल 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद झाली. आमच्या रस्त्यावरची शटरं खाली आलेली पाहून मी घरी पेढे नेले होते. आठ दिवसांत मला आतल्या गावांचे सगळे रस्ते पाठ झाले. त्या बायकांचं किंवा त्या निकालाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्या मतदानामुळे गावातली कोवळी पोरं वाचली, हे मी दुकानात बसून रोज पाहतो. मी मात्र दुकान बंद झालं म्हणजे मी बंद झालो, असं धरून बसलो होतो.

आता 2018 च्या जुलैची गोष्ट. इथवर मी फक्त दारू पिण्याबद्दल लिहिलं. तोवर मी समजत होतो की नुकसान होतंय ते माझं आणि माझ्या घराचं.

आमच्याच गावचे एक काका, तीन एकर कोरडवाहू, सगळं सोयाबीन. पेरणीला अठरा-वीस दिवस झाले होते, गवत वर येत होतं. सकाळी सकाळी तणनाशक घ्यायला आले. सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर मारतात, पंधरा-वीस दिवसांचं पीक असताना, एकरी 400 मिली. माझा तोपर्यंत सकाळचा एक घोट सुरू झाला होता, पण त्या दिवशी तो राहिला होता. डोकं फुटत होतं, हाताला थरकाप होता आणि काउंटरवर गर्दी होती. मी मागच्या फळीवरून बाटल्या काढून दिल्या. पक्कं बिल केलं नाही, वहीत फक्त रक्कम मांडली. काकांना अक्षरं लागत नाहीत. त्यांनी शेजाऱ्याचा पाठीवरचा पंप मागून आणला आणि तीन एकरांवर फवारलं.

चौथ्या दिवशी ते टॉवेलात चार झाडं गुंडाळून घेऊन आले. शेंडे वाकलेले, देठांना पीळ पडलेला. झाडं पाहिली आणि त्याच क्षणी मला कळलं. टू-फोर-डी. ज्वारीत, मक्यात, उसात चालतं ते तणनाशक. रुंद पानाचं जे जे असेल ते मारायचं त्याचं काम, आणि सोयाबीन रुंद पानाचंच. दोन्ही पांढऱ्या बाटल्या एकाच फळीवर होत्या.

मी मान वर करून म्हणालो, ‘‘काका, पंप कुणाचा होता? धुतला होता का? त्यांच्या मक्यात टू-फोर-डी मारलेलं असन, तेच राहिलं असन आत.’’

असं खरंच घडतं, म्हणून ते खोटं पटण्यासारखं होतं. माझ्या धंद्यातलं ज्ञान मी त्या दिवशी अशा कामाला लावलं. काका गेले. रात्री मी बॅटरी घेऊन त्यांच्या बांधावर गेलो, रिकाम्या बाटल्या शोधल्या, आणल्या आणि दुकानामागे पुरल्या. आठ दिवसांनी ऐकलं की काकांचं आणि पंपवाल्या शेजाऱ्याचं चावडीसमोर भांडण झालं, हातघाईवर आलं होतं. दोघांच्या घरांत भिंत एकच. त्या दिवसापासून बोलणं बंद.

त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 3,399 रुपये क्विंटल होता. एकरी सात क्विंटल धरले तरी एकवीस क्विंटल, म्हणजे 71,000 रुपयांच्या वर. हा हिशोब मी त्याच रात्री वहीच्या शेवटच्या पानावर मांडला आणि पान दुमडून ठेवलं.

31 डिसेंबर 2018. मित्राच्या मळ्यात विहिरीजवळ रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत होते, वांग्याची भाजी, वरण आणि तीन खंबे. मी सगळ्यांना सांगितलं की ही शेवटची. त्या पानाचं ओझं सहन होत नव्हतं, म्हणून त्या वर्षी मी अगदी मनापासून सांगत होतो. रात्री बारानंतर थेंब घेतला नाही. 1 तारखेला दिवसभर घाम आणि थरथर, अन्नाकडे पाहवत नव्हतं. घरचे म्हणत होते, सोडतोय म्हणून होतंय, निघून जाईल. मीही दात आवळून पडून राहिलो. मला तो पुरुषार्थ वाटत होता.

2 तारखेच्या पहाटे आकडी आली. मला आठवत नाही. जीभ चावली गेली, कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. 3 तारखेच्या रात्री मी उठून दुकान उघडायला निघालो. शटरसमोर शेतकऱ्यांची रांग उभी होती, सगळे युरिया मागत होते, आणि प्रत्येकाच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली झाडं होती. मला ती माणसं दिसत होती, त्यांचे आवाज ऐकू येत होते. रस्ता रिकामा होता हे मला दुसऱ्यांनी नंतर सांगितलं. घरात म्हणायला लागले, बाहेरचं लागलं, सैलानी बाबाच्या दर्ग्याला नेऊ. धाकटा भाऊ अडून बसला आणि त्यानं मला जीपमध्ये घालून बुलढाण्याला दवाखान्यात नेलं.

एवढी वर्षं मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली काम करायला शिकलेला असतो. तो दाब एकदम काढला की मेंदू उसळतो. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत आकडी येऊ शकते. दोन-चार दिवसांत भ्रम होतो, ताप चढतो, छाती धडधडते, आणि उपचार मिळाला नाही तर माणूस जातो. पिण्यानं नाही, अचानक सोडण्यानं जातो. त्यासाठी मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या असतात. त्या डॉक्टर भरपूर मात्रेनं सुरू करतात आणि काही दिवसांत उतरवत नेतात. सोबत बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण दारूनं शरीरातलं ते संपलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. ‘नववर्षाचा संकल्प’ म्हणून रात्री बाराला बाटली फोडणारा रोजचा पिणारा कोणाच्या ओळखीत असेल, तर त्याला आधी डॉक्टरकडे न्या.

आणि त्या डॉक्टरांनी शुद्धीवर आल्यावर मला विचारलं, किती घेता? मी म्हणालो, कधीमधी नव्वद. नव्वद मिली. आकडी येऊन, भ्रम होऊन, हाताला सुई लावलेली असताना. बायको दारात उभी होती. ती आत आली आणि म्हणाली, ‘‘मी डॉक्टरले खरं सांगतलं हाय. रोजच्या तीन क्वार्टर. तुमाले राग आला तं येऊ द्या.’’ गोळ्यांची मात्रा त्या आकड्यावर ठरते. माझ्या आकड्यावर ठरली असती तर मी हे लिहायला राहिलो नसतो.

भाऊ म्हणाला, पुण्याला मुक्तांगणला जाऊ. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं 29 ऑगस्ट 1986 ला सुरू केलेलं ते केंद्र आमच्या भागातही लोकांना माहीत आहे. मी म्हणालो, दुकान कोण पाहील? जानेवारीत कृषी केंद्रात माशा मारायचं काम असतं हे भावाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तो गप्प बसला. नंतर डॉक्टरांनी माझ्या संमतीनं डायसल्फिरामच्या गोळ्या दिल्या. ही गोळी पोटात असताना दारू प्यालं की दारूचं शरीरात जे विष बनतं ते पुढे पचत नाही, साचतं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, जीवावर बेतू शकतं. म्हणून ती माणसाला न सांगता जेवणात कालवायची नसते. मला तर सांगून दिली होती. मी ती जिभेखाली धरून गोठ्यामागे थुंकत होतो. बायको तोंड उघडून पाहायला लागली तेव्हा काही दिवस गिळावी लागली. मग पोळ्याच्या आधी पाच दिवस पुन्हा थुंकली आणि पोळ्याला प्यालो. गोळीचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. बैलांच्या मिरवणुकीत मी देवळाच्या ओट्यावर कोसळलो, आणि शुद्धीवर येताच गोळीलाच दोष दिला.

2020 ची टाळेबंदी आली, दुकानं बंद झाली. नाल्यातली हातभट्टी आणली, चौपट पैसे मोजले. त्या वर्षाबद्दल आणखी सांगण्यासारखं नाही.

2021 च्या एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध लागले. कृषी केंद्रं उघडी होती. माझ्या काउंटरवर गिऱ्हाइकांसाठी सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन होता. 23 तारखेला, शुक्रवारी रात्री, कुठेच काही मिळालं नाही. मी शटर आतून लावलं आणि त्या कॅनचं झाकण काढलं. ग्लासात ओतलं, पाणी घातलं. ते का प्यालो नाही हे मला सांगता येत नाही. बाहेर कुत्रं भुंकलं, मी दचकलो, ग्लास लवंडला. एवढंच. संयम नव्हता, देव आठवला नव्हता. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बातमी आली की यवतमाळ जिल्ह्यात वणीला दारू मिळाली नाही म्हणून सॅनिटायझर प्यालेले सात जण मेले. मी फरशीवरचा तो डाग पाहत उभा राहिलो.

सोमवारी, 26 एप्रिलला, भावाला दुकानात बोलावून सगळं सांगितलं. कॅनचं, आणि पुरलेल्या बाटल्यांचंही. दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती होती. इतक्या वर्षांच्या सवयीनं मनात आलंच की उद्यापासून करू, चांगला दिवस आहे. पण भावानं माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला होता. करोनानं दवाखाने भरलेले होते, खाट नव्हती. डॉक्टरांनी आकडा विचारला, या वेळी मी खरा सांगितला. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, भावानं चोवीस तास जवळ राहायचं आणि सकाळ-संध्याकाळ फोन करायचा, या अटीवर. तो चिखलीहून गोळ्या घेऊन येईपर्यंत हात इतके कापत होते की घरातली उरलेली अर्धी क्वार्टर मी बायकोसमोर प्यालो. लपून नाही, तिच्या डोळ्यांदेखत. तिनंच ग्लास आणून दिला.

ती शेवटची ठरली. ती शेवटची आहे हे त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं, आणि मी तसं कोणाला सांगितलंही नाही.

पुढे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांना जायला लागलो, आधी फोनवरून, मग तालुक्याच्या गावी एका खोलीत. तिथे मी या संघटनेच्या जन्माची गोष्ट ऐकली. अमेरिकेत ॲक्रन नावाच्या गावात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन एकमेकांना भेटले. बॉब यांनी सोडली आणि थोड्याच दिवसांत एका परिषदेला गेले असता पुन्हा प्याले. परत आले तेव्हा त्यांना शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते. म्हणून त्या सकाळी बिलनं स्वतःच त्यांना एक बिअर दिली. ती त्यांची शेवटची. 10 जून 1935. जगभर तोच संघटनेचा स्थापना दिवस मानला जातो. हे ऐकताना मला माझी अर्धी क्वार्टर आणि बायकोच्या हातातला ग्लास दिसला, आणि त्या खोलीत मी पहिल्यांदा बोललो.

तिथे कोणी आयुष्यभराची शपथ मागत नाही. फक्त आजचा दिवस, एवढंच म्हणतात. आपल्याकडे दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा एक दिवसाचा परवाना मिळतो, देशीला दोन रुपये, विदेशीला पाच. पिताना मी एकेक दिवसच पीत होतो, सोडताना मात्र एकदम सगळा जन्म मांडून बसत होतो. मोठी रक्कम नुसती मांडून ठेवली की ती फिटत नाही, हे तर मला वहीनं शिकवलं होतं. मी वसुलीला जातो तेव्हा शेतकऱ्याला सांगतो, काका, तुरीचं राहू द्या, आज शंभर असतील तर शंभर द्या.

तिथे आणखी एक सांगतात, ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जायचं. दुमडलेलं पान मी सहा-सात महिने उघडलं नाही. 2022 च्या जानेवारीत 75,000 रुपये घेऊन काकांच्या घरी गेलो. ओसरीवर बसलो आणि क्रमानं सांगितलं, फळी, बाटल्या, पंपाचं खोटं, बांधावरची रात्र. काका बराच वेळ खाली पाहत होते.

‘‘त्या दिवशी तुमच्या तोंडाचा वास आलता,’’ ते म्हणाले. ‘‘म्या म्हणलं, औषधाचा असन. दुकान औषधाचं हाय.’’

पैसे त्यांनी दोनदा मोजले. मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा नको म्हणतील. त्यांनी मोजून, सुतळीनं बांधून, आत नेऊन ठेवले आणि परत येऊन बसले. मग भिंतीकडे बोट केलं.

‘‘पैशाचं ठीक हाय, भाऊ. पण तो गेल्या मे महिन्यात करोनानं गेला. म्या त्याच्या दारात पाय ठेवला नाही. तेरवीलेबी नाही.’’

शेजारी गेल्याचं मी ऐकलं होतं. करोनात गावातली नऊ माणसं गेली, त्यांतलं एक म्हणून ऐकलं होतं. त्या दोन गोष्टी मी जोडूनच पाहिल्या नव्हत्या.

काका उठले. मीही उठलो. भिंतीला वळसा घालून आम्ही पलीकडच्या अंगणात गेलो. शेजाऱ्याची बायको तूर वाळत घालत होती. आम्हा दोघांना एकत्र पाहून ती थबकली, हातातलं सूप खाली ठेवलं, आणि ओट्यावरची गोधडी झटकून अंथरली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला सुरुवात केली.